माजी सैनिकाची मुलगी

पाली, १० जानेवारी २०१६

दादा,

साष्टांग नमस्कार लिहायची हाताला सवय आहे, पण आज हात अडला. नुसता नमस्कार घ्या.

फोन तुम्ही उचलत नाही. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं, म्हणून लिहितो. मी पलटणीत होतो तेव्हा माझं आंतरदेशीय तुम्ही मायला वाचून दाखवायचात आणि म्हातारी प्रत्येक ओळीला "पुढं?" म्हणायची. हे तिला वाचू नका.

काल तुमचा मेहुणा बंकट निरोप घेऊन आला. मुक्ताने पाण्याचा तांब्या पुढे केला तर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ताई, तुमच्याकडं बी टँकरचंच असंल." मग उभ्या उभ्या सांगून मोकळा झाला. "कांचनची सोयरीक ठरली. राधाकिशन आबाच्या पुतण्यासंगं. आखाजीला उरकायचं. दादा म्हनले, पोरीला होस्टेलातून आणून सोडा."

"कुणी ठरवली?" मी विचारलं.

"आँ? बापानं. आजून कुणी?"

तुमच्या निरोपात एक गोष्ट कुठेच नव्हती, म्हणून इथे लिहून ठेवतो. २०१२ च्या उन्हाळ्यात धारूरच्या निबंधक कार्यालयात तुम्ही कांचनला मला दत्तक दिलंत. कल्पना तुमची होती. "सर्ज्या, तुला लेकरू न्हाई. फौजीच्या लेकराला कालिजात येगळी जागा ठिवलेली असती, फी बी माफ. तुझं ताट वाढून ठिवलंय अन् जेवायला कुणी न्हाई. माझी पोरगी बसू दे की त्याच्यावर." पंधरा पूर्ण व्हायच्या आत दत्तक द्यावं लागतं, हेही वकिलाला विचारून तुम्हीच आलात. तिला तेव्हा चौदावं सरलं होतं.

तेव्हापासून तिच्या नावात मधे माझं नाव आहे. दहावीनंतर ती आमच्याकडे राहिली, रोज बसने बीडला जाऊन अकरावी-बारावी केली आणि मागच्या वर्षी माजी सैनिकांच्या मुलांसाठी राखलेल्या जागेवर औरंगाबादला स्थापत्य अभियांत्रिकीला लागली. तिच्या मार्कांचाही त्यात वाटा आहे. ती जागा काही रांगेत पहिल्या उभ्या राहणाऱ्याला मिळत नाही.

काल तिला फोन करून विचारलं. म्हणाली, "नाना, मला आत्ता कुठं काँक्रीटला पाणी किती दिवस मारायचं ते कळायलंय. संसार कुठं बांधू?" मग तुमच्यासाठी निरोप दिला. "अण्णांना सांगा, देऊन टाकलेलं परत मागत नसतेत. भांडं दिलं असतं तर मागायला लाज वाटली असती."

ती हसत म्हणाली, दादा. मला हसू आलं नाही.

तिला शिकू द्या. आबा कारखान्याचे चेअरमन आहेत, तुम्हाला त्यांच्या पॅनलमधून संचालक व्हायचंय, हे मला कळतं. पण कारखान्याच्या चिमणीतून दोन वर्षं धूर निघालेला नाही. उसाशिवाय बंद पडलेल्या कारखान्यावर संचालक होऊन तुम्ही काय चालवणार आहात?

शेवटचं वाक्य टोचेल. खोडणार होतो. राहू दिलं.

सर्जेराव


पाली, २१ फेब्रुवारी २०१६

दादा,

परवा तुम्हाला घरी भेटायचं होतं. तुम्ही मला चारा छावणीवर बोलावलंत, चार माणसांत. वाटेत घरी डोकावलो तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या, पण मी कांचनचं नाव घेताच आत गेल्या. त्यांना काय वाटतं हे तुम्ही कधी विचारलंय का? मीही विचारलं नाही, हे खरं.

छावणी मी पहिल्यांदाच पाहिली. माळावर बल्ल्या ठोकून वर हिरवी जाळी टाकलेली, खाली अख्ख्या गावची जनावरं, आणि दाव्याजवळ खाटेवर झोपलेली त्यांची माणसं. म्हाताऱ्या बायका उसाचे वाढे तोडत होत्या. घरून ठरवून आलेलं सगळं बोलणं मी तिथे विसरलो.

तुम्ही तेच दाखवायला मला बोलावलं होतं. "बघ. नीट बघ. ही छावणी आबानं आपल्या गावाला दिली. सोयरीक मोडली की उद्या छावणी युसूफवडगावला जाती. मग ही जनावरं काय तुझ्या पालीच्या ओसरीत बांधू? बोल ना बे, बीए झालास ना पलटणीत!"

इथे पालीच्या धरणाच्या तळाला शेरडं चरतात हे मी रोज बघतो, चाऱ्याची किंमत मला शिकवायला नको. एवढंच विचारतो, की गावच्या चाऱ्याच्या बदल्यात एक मुलगी, हा भाव कुणी काढला? आबांनी मागितली, की तुम्हीच नेऊन ठेवली? बंकट म्हणतो, आबांनी नुसतं "पोरगी शिकलेली दिसती" म्हटलं होतं.

मग अर्जुनराव खाटेवरून म्हणाले, "फौजी, सीमेवर गेलतास का भावाच्या पोरी धरायला?" सगळे हसले. तुम्हीही. हेच अर्जुनराव दोन वर्षांखाली नातवाला घेऊन माझ्याकडे आले होते. "तुमचं लेकरू म्हनून दाखवा, फौजी. तुमच्या बापाचं काय जातंय?" मी नाही म्हणालो. त्यांच्या आधी आणखी दोघांना नाही म्हणालो होतो. एकोणीस वर्षं मी बर्फात आणि वाळूत काढली, तिथे काय केलं हे गावात कुणी एकदा विचारलं नाही. माझ्या दाखल्यावर कुणाकुणाचं पोरगं बसतं, एवढंच सगळ्यांना माहीत करून घ्यायचं होतं.

अर्जुनरावांना नाही म्हणताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता. मग त्याआधी तुम्हाला हो का म्हणालो होतो? आपलं काम कायद्याने होतं, नोंदणी करून होतं, असं मी मनाला समजावलं. ते समजावणं आता टिकत नाही. अर्जुनरावांना नातवासाठी जे हवं होतं तेच तुम्हाला मुलीसाठी हवं होतं. तुम्ही वकील गाठला, त्यांनी गाठला नाही.

निघताना तिथेच वाढ्यांपाशी बसलेल्या मायच्या पाया पडलो. तिला सगळं ऐकू आलं होतं. म्हणाली, "दोन घरचा पाव्हणा उपाशी. लेकराला कुनाच्या तरी एकाच्या घरी जेवू द्या रे."

आणि तुम्ही मागून ओरडलात, "कागदापुरतं होतं ते! सगळ्या गावाला ठावं हाय. मी कालिजाला लिवतो, पोरगी माझी हाय, कागद खोटा हाय. मग बघू तुझी जागा अन् तुझं कालिज."

हे रागात बोललात असं धरून चालतो.

सर्जेराव


पाली, १९ मार्च २०१६

दादा,

रागात बोलला नव्हतात.

कॉलेजची नोटीस आली. तुमच्या अर्जाची प्रत जोडलेली आहे. 'सदर दत्तकविधान केवळ माजी सैनिकांच्या सवलतीचा लाभ घेण्यासाठी कागदोपत्री करण्यात आले असून मुलीचा ताबा अथवा स्वीकार कधीही झालेला नाही.' ही भाषा तुमची नाही, आबांच्या वकिलाची असावी. सही तुमचीच आहे, र चा पाय लांब ओढलेली. ७ एप्रिलला चौकशी आहे. दत्तक खोटं ठरलं तर प्रवेश रद्द, आणि पुन्हा कुठेही त्या जागेवर हक्क नाही. कांचनला परत आणायला तुम्ही तिची जागाच उपटायला निघालात.

बीडच्या वकिलांना भेटलो. ते म्हणाले, "नोंदणी झालेलं दत्तकपत्र सहसा खरंच धरतात. तुमच्या भावाच्या अर्जाने ते पडणार नाही. पण त्या दिवशी मुलगी प्रत्यक्ष दिली-घेतली गेली का, हे तुम्हाला विचारतील. तुम्ही स्वतः तोंडाने नाही म्हणालात, तर संपलं."

म्हणजे तिचं कॉलेज माझ्या एका उत्तरावर आहे.

तो दिवस तुम्हालाही आठवत असेल. मुक्ताने नवीन पातळ घेतलं होतं. घरी पाट मांडू, पोरीला मांडीवर बसवून घेऊ, मायकडून ओवाळून घेऊ, चार घरांत साखर वाटू, असं ती आठ दिवस म्हणत होती. आपल्याकडे दत्तक म्हणजे तेवढंच तर असतं, मांडीवर घेणं. कचेरीतून बाहेर पडताना तिने विषय काढला आणि तुम्ही म्हणालात, "काय तमाशा करायलीस मुक्ते? घोड्याएवढी पोरगी मांडीवर घेतीस का? कागदापुरतं हाय. झालं काम." आपण स्टँडसमोर भजी खाल्ली. कांचन तुमच्या मोटारसायकलवर तुमच्या मागे बसून गावी गेली. मुक्ता आणि मी एसटीने पालीला आलो. साखरेचा पुडा तिच्या पिशवीतच राहिला.

मग जे झालं ते तुम्ही पाहिलं नाही. बारावीच्या वर्षी कावीळ झाली तेव्हा ती महिनाभर आमच्याकडे पडून होती आणि मुक्ता तिच्या उशाशी. तुम्ही एकदा आलात, उसाचा रस घेऊन, तासभर बसलात. दोष देत नाही, छावण्यांचं तेव्हाच सुरू झालं होतं. पण कावीळ उतरल्यावर ती मुक्ताशी भांडायला लागली, भाजीला मीठ नाही म्हणून. पाहुण्यांच्या घरी कुणी असं भांडत नाही. मुक्ता स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाली, "ऐकलं का? मला बोलली."

तेव्हा ते खरं केव्हा झालं, दादा? त्या दिवशी नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. आज आहे, हेही सांगू शकतो. चौकशी मात्र त्या दिवसाची आहे.

रोजनिशीत काल लिहिलं, 'मला केवळ तिच्या शिक्षणाची काळजी आहे.' सकाळी वाचलं आणि 'केवळ' वर काट मारली.

शेजारच्या दिलावरला सांगितलं. तो गॅरेजच्या फळीखालून डोकं बाहेर काढून म्हणाला, "हवालदारसाब, एक झूट बोलने को इत्ता सोचरे? मेरे कने गिऱ्हाईक आते, मैं रोज दस बोलता, गाडी फिर भी चलती." मी म्हणालो, मी कधी शपथेवर खोटं बोललो नाही. तर तो म्हणतो, "तो फिर मुबारक हो. लडकी को घर बिठाओ, और तुम सच्चाई का चूल्हा जलाओ."

अर्ज मागे घ्या. म्हणजे मला कुणी काही विचारणार नाही आणि आपण दोघेही वाचू. ७ तारखेपर्यंत वेळ आहे. हे मी हात जोडून लिहितो आहे. मागच्या दोन पत्रांतल्या भाषेबद्दल काय हवं ते म्हणा.

सर्जेराव


पाली, ९ एप्रिल २०१६

दादा,

तुम्हाला आधी आत बोलावलं. तुम्ही बाहेर येऊन बाकावर बसलात आणि माझ्याकडे न बघता तंबाखू मळत राहिलात. मी आत काय बोललो हे तुम्हाला निकालावरून कळलं असेल, पण शब्द कळले नसतील. ते मीच सांगितले पाहिजेत. दुसऱ्याकडून कळू नयेत.

आत तिघे होते. मधल्या मॅडम बोलत होत्या, बाकीचे लिहून घेत होते. त्यांनी तुमचं म्हणणं मला वाचून दाखवलं. कल्पना तुमची होती. सवलतीसाठी केलं. कचेरीत सह्या झाल्या. विधी झाला नाही, मांडीवर घेतलं नाही, साखर वाटली नाही. मुलगी त्याच दिवशी तुमच्याबरोबर परत गेली. दादा, त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. तुम्ही भज्यांचंसुद्धा सांगितलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही सैन्यात होतात. तुमच्या शब्दाला आम्ही वजन देतो. मुलीला प्रत्यक्ष घेतलं होतं का?"

मी "हो" म्हणालो.

वाटलं होतं, तिथेच संपेल. त्या म्हणाल्या, "कसं? सांगा."

मग मी सांगत गेलो. घरी पाट मांडला होता. मुक्ता पाटावर बसली, हिरवं पातळ होतं. केसरवहिनींनी पोरीला हाताला धरून आणलं. पोरगी मोठी म्हणून लाजत होती, सगळे हसत होते, मग बसली. दादांनी तिच्या हातावर पाणी सोडलं. मायने दोघींना ओवाळलं. साखर मी स्वतः वाटली, शेजारच्या दिलावरच्या घरापर्यंत. सांगताना मला कुठे अडखळायला झालं नाही. मला ते सगळं दिसत होतं. मुक्ताचा चेहरा दिसत होता. थांबावंसं वाटत नव्हतं, हे तुम्हाला कसं सांगू? एक जण लिहिता लिहिता मान वर करून हसला, म्हणाला, "आमच्याकडेही अशीच पद्धत आहे."

"मग तुमचे भाऊ असं का म्हणतात?"

"निवडणूक आहे, मॅडम," मी म्हणालो.

तेवढं एक खरं बोललो.

दहा मिनिटांनी बाहेर येऊन त्यांच्या माणसाने सांगितलं, दत्तकपत्र ग्राह्य, प्रवेश कायम, पुन्हा तक्रार आली तर घरी येऊन चौकशी होईल. तुम्ही बाकावरून उठलात. मला वाटलं माराल. तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "सर्ज्या, वर्दी घालून शपथ घेतलीतीस ना बे?" आणि जिना उतरून गेलात.

तेव्हापासून ते वाक्य माझ्या कानात आहे. त्या खोलीत तुम्ही खरं बोललात आणि मी खोटं. तुमचं खरं एका मुलीचं कॉलेज मोडायला निघालं होतं, तरी ते खरंच होतं. मी उद्या मेलो तर माझ्या खोट्याला कुणी चांगलं नाव देईल. माझ्याच्याने दिलं जात नाही. तुम्ही मला त्या खुर्चीपर्यंत आणलंत याबद्दल मी तुम्हाला क्षमा करू शकत नाही. आणि त्या खुर्चीवर मला खोटं बोलणं किती सोपं गेलं, याबद्दल तुम्हाला दोषही देऊ शकत नाही.

कांचन कँटीनजवळ थांबली होती. तिला सांगितलं. सगळं सांगितलं, पाट, पाणी, साखर. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "आईनं हाताला धरून आणलं, असं म्हणालात?"

"म्हणालो."

"आई तर त्या दिवशी आलीच नव्हती. घरी रडत बसली होती."

वहिनी रडत होत्या हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही सांगितलं होतं, वहिनींना शेतात काम आहे.

"आता उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी गेले," ती म्हणाली, "आणि तिथं राहिले, आईच्या हातचं खाल्लं, आणि अण्णांनी परत लिहिलं, की बघा, पोरगी आमच्यातच राहायली, तर?"

मी म्हणालो, तसं होऊ शकतं.

"म्हणजे मी जायचं नाही."

ती म्हणाली, "बरं, नाना. लेक्चर आहे." आणि गेली. जाताना तिने माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली, हेही लिहून ठेवतो, कारण मी घरी येईपर्यंत त्याच्याच आधारावर आलो.

सर्जेराव


पाली, १७ जुलै २०१६

दादा,

हे पत्र मी माझ्या मनाने लिहीत नाही. वहिनींनी लिहायला सांगितलं आहे.

छावणी आबांनी मे महिन्यात हलवली, हे कळलं. बंकट सांगत होता, अर्जुनरावांनी बैलजोडी बाजारात सोडली आणि माझ्या नावाने शिव्या दिल्या. त्या शिव्या मी घेतो. तुम्हाला पॅनलमध्ये घेतलं नाही, हेही कळलं. त्यावर मला काही म्हणायचं नाही. आनंद झाला असं वाटेल तुम्हाला. एक क्षण झाला होता.

कांचन सुट्टीभर पालीलाच होती. गावाचं नाव काढलं नाही. पहिल्या वर्षात सगळ्या विषयांत पास आहे. मुक्ताशी भांडत नाही आता, भाजीला मीठ नसलं तरी खाते. मुक्ता म्हणते, मोठी झाली.

काल सकाळी दार वाजलं. वहिनी, एकट्या, हातात पिशवी. तुम्हाला माहेरी जाते म्हणून सांगून निघाल्या होत्या. म्हणाल्या, "भावजी, मला पोरीकडं न्या. रस्ता ठावं न्हाई मला." मुक्ताने चहा टाकला, त्या बसल्या नाहीत. मी कॉलर-बिलर न बघता तसाच निघालो.

बसमध्ये गेवराईपर्यंत त्या पिशवी मांडीवर धरून बसल्या. मग विचारलं, "तिथं इचारतेत का, कोण म्हनून?"

मी म्हणालो, होस्टेलवर विचारतात. पालक आणि पालकांनी सांगितलेले नातेवाईक, एवढ्यांनाच भेटू देतात.

"मग म्या कोन म्हनून सांगू?"

खिडकीबाहेर पैठणकडे जाणारा फाटा गेला, तो मी बघत राहिलो. पुन्हा चौकशी झाली तर फाटकावरच्या बाईलाही विचारतील, हे माझ्या डोक्यात होतं. वहिनींच्या डोक्यात काय होतं ते मी विचारलं नाही. त्यांनी एकदा पिशवी उघडून आतला डबा बघितला आणि बंद केली.

फाटकावर एक पोक्त बाई खुर्ची टाकून बसलेली. मला ओळखते. "या साहेब, वडील ना कांचनचे?" म्हणाली. मग वहिनींकडे वळली. तिने तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "म्या चुलती हाय. चुलती."

दोनदा म्हणाल्या. मोठ्याने म्हणाल्या, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं.

कांचन जिन्यावरून धावत खाली येत होती. तिच्या तोंडावर 'आई' आलेलं मी पाहिलं, दादा, ओठ तसे झाले होते. मग तिला ते 'चुलती' ऐकू आलं. ती पायरीवर थांबली. फाटकावरची बाई आमच्याकडेच बघत होती.

"काकू," कांचन म्हणाली. "कधी आलात?"

"आत्ताच आले, बाई," वहिनी म्हणाल्या. कांचनला त्यांनी आजवर कधी 'बाई' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

आवारातल्या बाकावर दोघी तासभर बसल्या. मी लांब उभा होतो. डब्यात धपाटे होते. दोघींनी एकमेकींना हात लावला नाही, कारण खिडक्यांतून मुली बघत होत्या. की मला तसं वाटलं, खात्री नाही. निघताना कांचनने वाकून नमस्कार केला, आधी मला, मग त्यांना. मोठ्या माणसांना करतात तसा.

परतीच्या बसमध्ये मी त्यांची क्षमा मागायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

"तुमी ल्हेता ना त्यास्नी? कागुद धाडता म्हनं. त्ये वाचतेत बरं का, फाडत न्हाईत. पेटीत ठिवतेत. मंग हे बी ल्हा. म्या माहेरी न्हाई गेलते. तिथं गेलते. अन् काय म्हनले, ते ल्हा. जसं म्हनले तसं ल्हा. त्यांच्या तोंडावर मला न्हाई सांगवायचं."

त्या उद्या दुपारच्या गाडीने निघतील; हे पत्र पोचेल तोवर घरी आलेल्या असतील. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं आहे.

सर्जेराव